कोयता घ्यायचा, पण कोणता?

प्रश्न : आम्ही दोघंही निवृत्त झालो आणि मुळशी तालुक्यात २० गुंठे जागा घेतली. कुंपणाच्या कडेला घाणेरी आणि रानमोडी माजली आहे. एका कोपऱ्यात बांबूचं बेट आहे आणि दोन-तीन वाळलेली झाडं आडवी पडली आहेत. मुलाने ऑनलाइन एक मॅशेटी शोधून दिली : १८ इंची काळं पातं, पाठीला करवतीसारखे दात, रबरी मूठ, नायलॉनचं म्यान. शेजारचे शेतकरी म्हणतात, कोयता घ्या. दुकानदार म्हणतो, कुऱ्हाड घ्या, सगळी कामं होतील. कोणाचं ऐकावं? माझं वय ६३, पत्नीचं ५९. तिलाही वापरता यावं अशी इच्छा आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. पत्नीलाही वापरता यावा असं वाटत असेल, तर दोन कोयते घ्या. चप्पल जशी एकाची दुसऱ्याला होत नाही, तसंच हे.

मी १९८१ साली लग्न होऊन गुहागरच्या या वाडीत आले, तेव्हा घरात तीन कोयते होते आणि तिन्ही मामंजींच्या हाताचे. त्यांचा पंजा माझ्या दीडपट. दोन वर्षं मी तोच कोयता ओढला. झावळ्या तोडल्या, वई साफ केली आणि रोज रात्री मनगटाला एरंडाचं पान गरम करून बांधलं. कोयत्याचा दोष असेल असं मनातसुद्धा आलं नाही, मीच नाजूक असं वाटायचं. एकदा लोहार धार काढलेले कोयते द्यायला आले होते. माझं सुजलेलं मनगट पाहून ते मामंजींना म्हणाले, "सून आणलीत, कोयता नाही आणलात." मग त्यांनी सुतळीने माझी मूठ मोजली आणि पंधरा दिवसांनी नवा कोयता आणून दिला. परवा वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिला, दांड्यासकट साडेसहाशे ग्रॅम भरला. मामंजींचा साडेनऊशे.

तेव्हा दुकानात आधी धार बघू नका, धार काय, नंतर काढता येते. कोयता हातात घ्या, हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करा आणि एकोणतिसाचा पाढा म्हणा. पाढा चुकला तर हरकत नाही, पण दहापर्यंत जाण्याआधी टोक खाली झुकायला लागलं तर तो कोयता तुमचा नव्हे. मूठ आवळल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटं तळव्यात रुतली तर मूठ बारीक, टेकलीच नाहीत तर जाड. दोन्हींत पकड सुटते. मुठीचं टोक खाली थोडं फुगीर हवं, म्हणजे घामेजल्या हातातून कोयता निसटत नाही.

जड कोयता जास्त कापतो हा पुरुषांचा एक लाडका गैरसमज आहे. पहिले वीस घाव तो जास्त कापतो, हे खरं. एकविसाव्या घावापासून हात दमतो, नेम चुकतो, आणि नेम चुकलेला जड कोयता थेट नडगीवर येतो.

आता मुलाच्या मॅशेटीबद्दल. ते हत्यार वाईट नाही, परमुलखातलं आहे. दक्षिण अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर ऊस, केळी, उंच ओलं गवत असल्या रसाळ, मऊ गोष्टींसाठी ते लांब आणि पातळ पातं घडलं. पातं दोन-तीन मिलिमीटर जाडीचं असतं, वजन कमी, त्यामुळे ते वेगावर कापतं. आपल्याकडचा कोयता पाठीकडे पाच-सहा मिलिमीटर जाड, आखूड, आणि पुढे चोचीसारखा वळलेला असतो. तो वजनावर कापतो. तुमच्या कुंपणाजवळ वाळलेली करवंदीची जाळी असणार, ऐन-किंजळाच्या फांद्या असणार. त्यांवर पातळ पातं उसळी मारतं किंवा वाकतं. चोचीचा दुसरा उपयोग असा की झुडपात हात न घालता फांदी पुढे ओढून घेता येते. काटे आणि फुरसं या दोन्हींच्या दृष्टीने ते बरं.

पाठीचे करवतीचे दात तर मला बघवत नाहीत. त्यांनी काही कापलं जात नाही, कारण जाड पात्याचे दात लाकडात अडकून बसतात. बांबू चिरताना कोयत्याच्या पाठीवर लाकडी ठोकळ्याने मारावं लागतं, तेव्हा तेच दात ठोकळा खातात. चुकून डावा हात पाठीवर ठेवलात तर हातही.

घाटावरचा ऊसतोडीचा कोयता मात्र वेगळा. तो पातळ, हलका, रुंद पात्याचा. सांगलीकडे भाचीच्या सासरी गेले होते तेव्हा फडात नीट पाहिला : बुडाशी एक घाव, मग उसाचं पाचट सोलायचं, शेंडा उडवायचा, सगळं त्याच पात्याने. बीडकडून येणारे मजूर तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, मुकादमाची उचलही त्याच हिशोबाने ठरते. आठवडा बाजारात बहुतेक हाच कोयता मांडलेला दिसतो. स्वस्त आणि हाताला हलका म्हणून पुण्याची माणसं तो घेऊन जातात आणि सुक्या लाकडावर आपटून महिन्यात धारेचे दात पाडून बसतात. तुम्ही पाठ जाड असलेला, दहा-अकरा इंच पात्याचा मागा.

घाणेरीला मात्र कोयता पुरा पडत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर दिवाळीला तोडाल आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट फुटलेली बघाल. तोडलेल्या बुंध्यातून ती पुन्हा जोमाने येते. कोयत्याने वरचा पसारा कमी करा, मग कुदळीने जमिनीखाली दोन-तीन बोटं जाऊन मुख्य मूळ तोडा आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवा, म्हणजे ते जागच्या जागी वाळतं. रानमोडी पाऊस पडून गेल्यावर हाताने उपटली तरी निघते. फुलं धरायच्या आत उपटा, तिचं बी वाऱ्यावर उडतं.

बांबूचं बेट. इथे शेजाऱ्यांचं ऐका, पण अर्धंच. एकटादुकटा बांबू कोयत्याने तिरके घाव घालून छान तुटतो. पण बेटात दाटीवाटी असते, हात फिरवायला जागा नसते, आणि तिरका तोडलेला बुंधा भाल्यासारखा उभा राहतो. आमच्याकडचा एक गडी अशा बुंध्यावर बसता बसता वाचला. म्हणून बेटात मी छोटी करवत वापरते. जमिनीपासून पहिल्या किंवा दुसऱ्या पेराच्या गाठीच्या जरा वर, आडवा काप. गाठीच्या वरच कापलं की नळीत पाणी साचत नाही आणि बुंधा कुजत नाही. या वर्षीचे कोवळे बांबू सोडा, तीन वर्षांवरचे काढा. फांद्या छाटायला मग कोयता. बांबूच्या सालीत वाळूचाच अंश असतो, तो धार खातो. त्या दिवशी संध्याकाळी कोयता पाजवायला लागणार, हे धरून चाला.

पडलेल्या झाडांसाठी दुकानदार बरोबर आहे, कुऱ्हाड लागेल. पण आधी करवतीने ओंडके पाडा आणि कुऱ्हाड फोडण्यापुरती ठेवा. पातं किलोभराचं पुरे. आणि दांडा आखूड घेऊ नका. आखूड दांड्याची कुऱ्हाड सोपी वाटते, पण नेम चुकला की ती आपल्या गुडघ्याकडे वळते. लांब दांड्याची चुकली तर जमिनीत रुतते. दांडा बाभळीचा चांगला. तिवसाचा मिळाला तर भाग्य समजा. उभं झाड मात्र परस्पर तोडू नका. वृक्षतोडीचा १९६४चा कायदा आहे, आणि साग, खैर, आंबा, फणस, हिरडा, ऐन, हा तिवससुद्धा, स्वतःच्या जागेत असले तरी परवानगी लागते.

कोयता घ्यावा कुठून? पुण्यात बोहरी आळीत नग मिळेल. पण माझं ऐकाल तर पौडच्या रस्त्याने जाताना घिसाड्यांची पालं दिसतात का बघा. नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि बायको घण घालते. ते बहुधा गाडीच्या कमानपाट्यातून कोयता घडवतात, आणि कमानपाट्यासारखं पोलाद दुसरं नाही. वर्षानुवर्षं खड्डे खाऊन जे तुटलं नाही ते तुमच्या करवंदीने तुटणार नाही. समोर बसून घडवून घ्या. पाणी देताना बघा : चांगला कारागीर फक्त धारेचा भाग तापवून बुडवतो, पाठ मऊ ठेवतो. धार कडक, पाठ मऊ, म्हणजे घाव बसला की पाठ हिसका पचवते. आमचे लोहार पाणी द्यायचं काम दिवेलागणीला करायचे, कारण लोखंडाचा रंग उजेडात कळत नाही. "उन्हात पाणी दिलेला कोयता आंधळ्याने दिलेला" असं ते म्हणत.

तयार कोयता घेत असाल तर खिशात एक छोटी कानस ठेवा. दुकानदार ओरडतील, ओरडू देत. धारेवर कानस हलकेच फिरवा. काचेवरून घसरल्यासारखी सटकली तर धार फार कडक आहे, टवका उडेल. लोण्यात गेल्यासारखी रुतली तर मऊ आहे, धार वळेल. जरा अडत, जरा खात गेली की ठीक. मग पात्याला टिचकी मारा. स्वच्छ टणत्कार यावा. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, किंवा मूठ ढिली आहे.

मुठीचं मात्र मला सविस्तर सांगायचं आहे, कारण माझ्या डाव्या नडगीवर अकरा टाक्यांची खूण आहे. १९९४ साली एका प्रदर्शनातून मी स्वतःच्या पैशाने कोयता आणला होता. पॉलिश केलेली शिसवी मूठ, पितळी कडं. सगळ्यांना दाखवून झाला. आठव्या दिवशी वाळलेल्या किंजळाच्या गाठीवर घाव घातला आणि पातं मुठीतून निघून पायावर आलं. मूठ माझ्या हातातच राहिली. नंतर फोडून पाहिलं, तर पात्याची शेपटी मुठीत जेमतेम दोन इंच, तीही राळेने चिकटवलेली. दोन दिवस मूठ किंचित हलत होती. मला ते कळत होतं, आणि "एवढी एक बाजू होऊ दे" म्हणत मी तोडत राहिले होते. त्यामुळे प्रदर्शनवाल्याला अर्ध्याच शिव्या दिल्या.

शेपटी मुठीच्या आरपार गेलेली आणि मागच्या टोकाला वळवून ठोकलेली हवी. नाहीतर दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या आणि मधून तीन रिबिटी. दोन्हींपैकी काही दिसत नसेल तर दुकानदाराला विचारू नका, दुसरं दुकान बघा. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि मूठ ढिली होते. रात्रभर पाण्यात ठेवली की फुगून घट्ट बसते, पण हा एका दिवसाचा इलाज. कायमचं काम लोहाराकडेच.

धार. महिन्यातून एकदा कानस, रोज दगड. आमच्या मागच्या पायरीचा काळवत्री दगड पन्नास वर्षांत मधोमध खोलगट झाला आहे, त्यावर पाणी शिंपडून घासतो. धार सुरीसारखी पातळ करू नका, सुऱ्या वेगळ्या कामाच्या. चौकातल्या चाकावर देऊच नका. ठिणग्या उडताना छान वाटतं, पण धारेवर निळा पट्टा उमटला की पाणी उतरलं. मग ती धार रोज वळते आणि आपण पोलादाला नावं ठेवतो. झाली की नाही याची परीक्षा अंगठ्यावर नको, गिरिपुष्पाच्या अंगठ्याएवढ्या ओल्या फांदीवर घ्या. तिरका एक घाव, साल न फाटता फांदी खाली.

तिरका म्हणाले ते महत्त्वाचं. फांदीला काटकोनात कधी मारू नका, कोयता उसळतो. जाड फांदी तोडताना आधी खालून एक खाच, मग वरून घाव, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल ओढून नेत नाही. तोडणाऱ्या हातात मोजा नको, मूठ घसरते. फांदी धरणाऱ्या हातात जरूर घाला. आणि कोयता मनगटाला दोरीने बांधायची नवी टूम निघाली आहे, ती नको. निसटलेला कोयता लांब पडू दे, बांधलेला फिरून आपल्याकडे येतो.

काम थांबलं की कोयता जमिनीत रोवून ठेवू नका, गवतात आडवा टाकू नका. आमच्याकडे कमरेला मागे आकडी बांधतात, लाकडाची किंवा लोखंडाची, तिच्यात तो अडकतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. तुम्हाला सवय नसेल तर जाड कातड्याचं म्यान करून घ्या. नायलॉनचं म्यान धार आतून कापते. फणस किंवा काजूचा चीक लागणार असेल तर आधी पात्याला खोबरेल लावा. पावसाळ्यात रोजच लावा.

शेवटी पुण्याहून नेण्याचं. हल्ली वर्तमानपत्रांनी कोयत्याला फार बदनाम केलं आहे. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. तरी शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघत असतात. स्कूटरच्या हुकाला उघडा कोयता लटकवून चांदणी चौकातून जाऊ नका. गोणपाटात गुंडाळा, डिकीत टाका, बिल जवळ ठेवा. सर्वांत बरं म्हणजे शेतावरच्या घरात कुलपात ठेवून या.

प्रश्न : आम्ही दर शनिवारी-रविवारी सह्याद्रीत भटकंती करतो. वाट काढायला आणि चुलीसाठी लाकडं तोडायला पाठपिशवीत राहील असा छोटा कोयता किंवा कुऱ्हाड सुचवाल का? (वाचक, ठाणे)

उत्तर : नाही सुचवणार. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना हे सगळं अभयारण्यात येतं. १९७२च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जायला बंदी आहे, आणि त्या व्याख्येत सुरीसुद्धा आहे. शिवाय वाट काढायची म्हणजे काय? वाट गावकऱ्यांची आणि गुरांची पडलेली असते. जिथे तोडत जावं लागतं तिथे तुम्ही चुकलेले असता, मागे फिरा. चूल पेटवायची हौस असेल तर पायथ्याच्या गावात जेवण सांगा, त्या बाईला चार पैसे मिळतील आणि तुम्हाला पिठलं-भाकरी. अभयारण्याबाहेर, स्वतःच्या किंवा ओळखीच्या जागेत तंबू ठोकणार असाल तर घडीची करवत घ्या. मनगटाएवढी सुकी फांदी ती एका मिनिटात कापते, आणि दमलेल्या माणसाच्या हातात तीच बरी.

प्रश्न : मी गेली २२ वर्षं न्यू जर्सीत आहे. वडील गेले. देवरुखच्या घरातून त्यांचा कोयता इकडे आणावा असं मनात आहे. मागच्या अंगणात मेपलची आणि ओकची झाडं आहेत. विमानात नेऊ देतील का, आणि इकडे त्याचा काही उपयोग होईल का? (वाचक, एडिसन)

उत्तर : हातातल्या बॅगेत नाही, मोठ्या सामानात नेता येतो. धार जाड पुठ्ठ्यात घालून वर कापड घट्ट बांधा, म्हणजे तपासणाऱ्याचा हात कापणार नाही. आधी घासून धुवा. देवरुखची लाल माती जराही राहू देऊ नका, तिकडे शेतातल्या मातीबद्दल फार विचारतात.

उपयोग होईल, पण बेतानेच. ओक म्हणजे कडक लाकूड, आपल्या ऐनासारखं समजा. हिरव्या डहाळ्या, वेल, झुडपं यांना कोयता वापरा, ओकच्या सुक्या फांदीला करवत. थंडीत तर जपूनच. माझा भाचा मिनेसोटात आहे, तो सांगतो की गोठलेल्या दिवसांत तिकडची माणसं कुऱ्हाडीचं पातं आधी जरा ऊबदार करून घेतात, कारण गार पोलादाचा टवका लवकर उडतो. कोयत्यालाही तेच लागू. आणि गोठलेल्या लाकडावर तो मारूच नका.

आणण्याआधी देवरुखच्या लोहाराला एकदा दाखवा. रोज पाजवून पाजवून जुन्या कोयत्याचं पातं झिजतं आणि कडक केलेला भाग संपत येतो. तसं असेल तर ते नव्याने पाणी देतील. मूठ बदलायची का, हे ते विचारतीलच. हलत नसेल तर राहू द्या. वडिलांच्या बोटांचे खळगे तिच्यावर पडले असतील. तुमची बोटं त्यात बसतात का ते बघा. नाही बसली तर पॉलिश पेपरने थोडी घासून घ्या, चालतं.